तेजूच्या वहीतले आम्ही

नाही, पण मी काय म्हणतो, लेथमशीन? अहो, दुसरं काही सुचलंच नाही या पोरीला? वाघ म्हण, सिंह म्हण, तेवढं जमत नसेल तर 'एक साधे, कष्टाळू गृहस्थ' म्हण, कुणी नको म्हटलंय? पण नाही! श्री. लेथमशीन! आणि कारण काय दिलंय ऐका, पाठ आहे मला, सगळ्या सातपूरला पाठ आहे : 'श्री. लेथमशीन सकाळी सहाला सुरू होतात. ते एकाच जागी गरगर फिरतात, आवाज खूप करतात, आणि दिवसभर त्यांच्यापासून कीस पडत राहतो. तो कीस गोळा कोण करतं, हे त्यांना माहीत नसतं.'

आता बोला! स्वतःच्या बापाबद्दल! आणि वय काय, तर चौदा! नववी ब! बरं, चिडावं म्हटलं तर चिडताही येत नाही, कारण वाचताना पहिलं हसू मलाच फुटलं. लिहिते हो पोरगी… लिहिते!

तर मी दिनेश थेटे. सातपूरला एका कंपनीत लेथवर आहे, एकोणीस वर्षं झाली, हात बघा, हा काळेपणा आता साबणाचं ऐकत नाही. ही पोरगी म्हणजे आमची एकुलती एक तेजस्विनी, तेजू. आणि तिनं लिहिली कादंबरी. फुलस्केप वहीत, दोनशे पानी, वर खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, लेबलवर 'भूगोल', आणि आत भूगोलाचा एक डोंगर नाही की एक नदी नाही! आत सगळं आमचं घर आणि त्यांची शाळा. कादंबरीचं नाव, 'कृपया शांतता राखा'.

हे नाव का, ते सांगावं लागेल. म्हणजे सांगायचं नव्हतं मला, पण आता काय, सगळ्या गावाला ठाऊक झालंय, तुमच्यापासून काय लपवायचं? तर आमच्या घरात चार महिने शांतता होती. मी आणि माझी बायको सविता, आमचं बोलणं बंद. अगदी बंद! का? तर मी सिन्नरला मेव्हण्याच्या वास्तुशांतीत काहीतरी बोललो. काहीतरी म्हणजे… गंमत केली हो! माणूस जेवायला बसला की जरा सैल सुटतो. नक्की काय बोललो ते सोडा, पुढं येईलच, पोरीनं सोडलंय थोडंच?

तेव्हापासून सविताबाई माझ्याशी एक अक्षर बोलेनात. मग घर चालायचं कसं? तेजूमार्फत! मी हॉलमध्ये, ती स्वयंपाकघरात, मधे सात पावलं, आणि त्या सात पावलांत ही पोरगी दिवसभर येरझाऱ्या घालायची. मी म्हणायचो, "तुझ्या मम्मीला सांग, गॅसचा नंबर लावायचाय." तिकडून आवाज यायचा, "तुझ्या पप्पांना सांग, लावलाय." अहो, मला ऐकू यायचं की! पण नाही, तेजू येणार, समोर उभी राहणार आणि सांगणार, "पप्पा, लावलाय." मग मी मान हलवणार. पद्धत म्हणजे पद्धत!

आता पंखा फुल असला, कुकर शिट्टी मारत असला, की तिकडचं ऐकू नाही यायचं. तेव्हा मात्र तेजू सांगेल तेच खरं. आणि तुम्हाला सांगतो, त्या वेळचे निरोप इतके गोड यायचे, इतके गोड यायचे! "पप्पा, मम्मी म्हणतेय, दमून आलात, भाकरी गरम टाकू का?" मी म्हणायचो, बघा! रागात आहे, पण जीव आहे! एकदा म्हणाली, "पप्पा, मम्मी म्हणतेय, तो निळा शर्ट तुम्हाला शोभतो." अहो, मी महिनाभर दर तिसऱ्या दिवशी निळा शर्ट घालून फिरलो! कंपनीत लोक म्हणायला लागले, थेटे, युनिफॉर्म बदलला काय?

असं सगळं बरं चाललं होतं, म्हणजे बोलत नव्हतो पण बरं चाललं होतं, आणि नोव्हेंबरात शाळेतून फोन. मुख्याध्यापिका पिंगळे मॅडम स्वतः. "तेजस्विनीचे पालक का? उद्या अकरा वाजता भेटायला या. दोघांनी यायचंय." मी म्हटलं, मॅडम, मला शिफ्ट असते, तिच्या आईला पाठवतो. तर म्हणाल्या, "दोघांनी." मी म्हटलं, काही विशेष? "दोघांनी!" आणि फोन बंद. आवाज असा की माझ्या हातातलं मायक्रोमीटर खाली ठेवलं मी, आपोआप!

घरी आलो. आता हा निरोप पण तेजूनंच न्यायचा! म्हटलं, "तुझ्या मम्मीला सांग, उद्या अकराला शाळेत बोलावलंय दोघांना." पोरगी पांढरीफटक. तशीच सात पावलं गेली आणि तिकडं काय म्हणाली असेल? "मम्मी, पप्पा म्हणतायत, उद्या आपण तिघं बाहेर जाऊया." सविता हातातलं लाटणं घेऊन दारात! "कुठं?" तर ही खाली मान घालून, "शाळेत…"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एका गाडीवर. मधे माझी डब्याची पिशवी. त्र्यंबक रोडला सिग्नल लागला, मी मागं न बघता विचारलं, "नीट बसलीस ना?" उत्तर नाही. बरोबर आहे, निरोप न्यायला तेजू नव्हती ना!

शाळेच्या पायरीवर शिपाई, भिमाजी नावाचा, चांगला साठीला टेकलेला माणूस. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या, या लेथमशीनसाहेब!" मी म्हटलं, नमस्कार. मनात म्हटलं, लेथवर असतो हे खरंय, पण याला कसं माहीत? सविताला म्हणाला, "या बिस्किटताई!" ती बिस्किटाच्या कंपनीत आहे, आता हेही याला कसं माहीत? आणि हळूच माझ्या कानाशी येऊन विचारतो, "साहेब, पुढं काय होतं हो? मी पाचव्या भागात थांबलोय."

ऑफिसात गेलो. तेजू कोपऱ्यात उभी, मान खाली, वेणीचं टोक दातात. टेबलावर ती वही. पिंगळे मॅडम म्हणाल्या, "बसा." एकच बाकडं, बसलो, मधे पिशवी. मॅडम म्हणाल्या, "काल भूगोलाच्या तासाला सायली नावाची मुलगी बाकावरून खाली पडली. हसून! तिच्या मांडीवर ही वही सापडली. चौकशी केली तर कळलं, वहीला नंबर लागलेत, त्रेचाळीस मुलांची यादी आहे. आणि नववी अ च्या वर्गात तीन मुली हातानं नक्कल काढतायत. जी मुलं निबंधाच्या दहा ओळी लिहीत नाहीत, ती पानंच्या पानं उतरवून घेतायत!"

मी तेजूकडं असं रागानं बघितलं. बापानं बघावं लागतं ना. पण आत कुठंतरी, काय सांगू, छाती अशी… त्रेचाळीस मुलं नंबर लावून? मला आयुष्यात कुणी नंबर लावून ऐकलं नाही हो!

मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. मोठ्यानं! "'भोंगा मॅडमचा आवाज आला की शेजारच्या कारखान्यातली माणसं जेवायला उठतात.'" मी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "ही मी." म्हटलं, असेल… म्हणजे नसेल, मॅडम! त्यांनी पुढं वाचलं. आता बघा, चिडलेला माणूस असं वाचतो का? आवाज बदलून, थांबून, जिथं हशा यायला हवा तिथं बरोब्बर श्वास घेऊन! "'आमच्या घरात तीन खोल्या आणि दोन पक्ष आहेत. मी अपक्ष आहे. दोन्ही पक्षांना मी लागते, पण तिकीट कुणीच देत नाही.'" मला फुटलं! खोकल्यासारखं करून दाबलं, तर बाजूला सविताचा पदर तोंडाला! चार महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो, आणि ती गोष्ट म्हणजे आम्हीच! लिहिते हो पोरगी!

"'श्रीमती बिस्किट वरून कुरकुरीत आहेत. चहात पडल्या तर लगेच विरघळतात. पण आमच्या घरात चहा कोण करणार, यावरच अडलंय.'" सविताचं हसू थांबलं. मग ते गणिताचं आलं, "'मला गणितात वीसपैकी सात पडले. सही कुणाची घ्यायची? पप्पांची घेतली तर मम्मी म्हणेल मला का नाही दाखवलं, मम्मीची घेतली तर पप्पा. भांडण वाढू नये म्हणून मी दोघांची केली.'" मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सात? वीसपैकी?

आणि मग शर्ट! "'श्रीमती बिस्किट म्हणाल्या, त्यांना सांग, तो निळा शर्ट पोतेऱ्याला काढलाय. मी सात पावलं चालले. पहिल्या पावलाला शर्ट पोतेऱ्यात होता, सातव्या पावलाला तो शोभायला लागला.'" अहो, मी त्या वेळी काय घातलं होतं सांगा? तोच! निळा! मुद्दाम इस्त्री करून! सविता माझ्या कॉलरकडं बघतेय, मॅडम बघतायत, भिमाजी दारातून बघतोय… पोतेरं नेसून बसलो होतो मी!

म्हणजे गरम भाकरी? भाकरी पण हिनंच भाजली होती! खरा निरोप काय होता तर, "नसेल आवडत तर कॅन्टीनमध्ये गिळा म्हणावं." आणि मी बोललेलं "भाजीत मीठ आहे का समुद्र?" ते तिकडं पोचलं काय म्हणून? तर, "पप्पा म्हणतायत, मस्त झालीय, फक्त चिमूटभर कमी." चार महिने हे! शाळा, क्लास, गृहपाठ सांभाळून! आमच्या कंपनीत आम्ही खडबडीत जॉब लावतो, घासून गुळगुळीत काढतो, त्याला मशीन लागतं. ही पोरगी आमचे शब्द नुसत्या सात पावलांत गुळगुळीत करत होती. मानलं बुवा!

मॅडमनी पान उलटलं आणि पहिला भाग काढला. मला कळलं, आता येणार. आलं. "'मामाच्या वास्तुशांतीत आजोबा सगळ्यांना सांगत होते, आमची सविता सुपरवायझर झाली, हाताखाली बावीस बाया. तेव्हा श्री. लेथमशीन जिलबी तोंडात ठेवून म्हणाले, हिला घरात मिक्सरची वायर गुंडाळता येत नाही, ही बावीस बाया काय सांभाळणार? कंपनीत माणसंच उरली नसतील!'"

मी म्हटलं, "मॅडम, ते गमतीत…"

"हो ना," मॅडम म्हणाल्या, "गमतीदारच आहे. म्हणून तर कादंबरी झाली."

मला वाटलं संपलं. पण मॅडमनी एक पान अजून काढलं आणि आता मात्र त्यांचा आवाज भोंग्यासारखा नव्हता. "'एक दिवस श्रीमती बिस्किट खिडकीपाशी नुसत्याच बसल्या होत्या. डबा भरायचा होता, भरला नव्हता. मला भीती वाटली. मी म्हटलं, मम्मी, तू सुपरवायझर झालीस म्हणून पप्पांनी त्यांच्या कंपनीत पेढे वाटले. त्यांनी मला विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच. मग त्यांनी डबा भरला. भरताना गाणं गुणगुणल्या. पप्पांनी पेढे वाटले नव्हते. आता त्यांना कळलं तर त्या पुन्हा खिडकीपाशी बसतील. म्हणून ही वही घरी नेत नाही.'"

सविता माझ्याकडं वळली. चार महिन्यांनी, थेट माझ्या तोंडाकडं बघून, पहिला शब्द. "वाटले नव्हते?"

आता खोटं बोलता आलं असतं. पण कोपऱ्यात ती पोरगी उभी होती, आणि घरात खोटं बोलायचं काम आधीच तिच्याकडं होतं, मी अजून काय भर घालणार? म्हटलं, "नाही."

ती उठली. मॅडमना म्हणाली, "मी अर्धी रजा काढून आलेय, निघते." आणि जाताना माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाली, "मी माझ्या बावीस बायांना सांगितलं होतं हो…"

गेली. तेजू रडायला लागली. म्हणे, "पप्पा, मी फाडून टाकते वही." मी एकदम ओरडलो, "फाडलीस तर बघ!" अहो, भोंगा मॅडम दचकल्या! मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "फाडायची नाही. त्यात खोटं एक अक्षर नाहीये. खोटं असेल ते आमचं आहे." मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "नियमानं शिक्षा द्यावी लागेल थेटे. फक्त मला कळत नाहीये, हिला देऊ की तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन कंपनीत गेलो. आता पेढे वाटणं सोपं वाटतं का तुम्हाला? पहिलाच आमचा वाल्मीक, शेजारच्या मशीनवरचा, "काय रे दिन्या, कशाचे?" म्हटलं, बायको सुपरवायझर झाली. "अरे वा! कधी?" चार महिने झाले. "मग आज का?" काय सांगू? पहिल्याला सांगितलं, आज शुभ दिवस होता. दुसऱ्याला सांगितलं, दुकान बंद होतं. तिसऱ्यापर्यंत कंटाळलो आणि खरं सांगून टाकलं. चार लोकांत बायकोला हसलो होतो, म्हणून चार लोकांत पेढे वाटतोय. वाल्मीक हसायला लागला, आणि मग हसता हसता थांबला. म्हणाला, "दे अजून एक. घरी नेतो. मला पण एक जुनं फेडायचंय." अर्ध्या तासात बॉक्स रिकामा! प्रत्येकाचं काहीतरी जुनं होतं!

घरी आलो. सविता आली होती. मी हॉलमधून हाक मारली, "तेजू, तुझ्या मम्मीला सांग…" तर पोरगी पुस्तकातून मान वर न काढता म्हणते, "पप्पा, मी राजीनामा दिलाय."

आता आली का पंचाईत! सात पावलं. एकोणीस वर्षांत मी मशीनपुढं घाबरलो नाही, पण त्या सात पावलांना माझी बनियन भिजली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "वाटले." ती म्हणाली, "काय?" "पेढे." "कधी?" "आज." "चार महिन्यांनी?" मी म्हटलं, "पुरले नाहीत." आणि मग म्हटलं, "चुकलं माझं." ते जरा हळू आलं तोंडातून, तर ती म्हणाली, "ऐकू नाही आलं." आलं होतं हो! पण म्हटलं पुन्हा. मोठ्यानं.

मग ती बोलली. अहो, बोलली म्हणजे… चार महिन्यांचं एकदम! पाऊण तास! म्हणाली, "त्या दिवशी मी सगळ्यांना जिलबी वाढत होते. तुम्ही बोललात आणि सगळे हसले. माझे बाबा पण हसले, ठाऊक आहे? त्यांना हसू आलं नव्हतं. जावयाचा मान राखायला हसले." ते मला कुठंतरी लागलं. म्हणाली, "रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो. सहा महिने बसमध्ये बसून शब्द पाठ केले मी." मी म्हटलं, "मला सांगायचं ना, मी घेतले असते पाठ करून." तर म्हणाली, "तुम्ही हसला असता." खरं होतं. हसलो असतो. मग तिनं लग्नापासूनचं काढलं, तो निळा शर्ट काढला, माझ्या बहिणीला काढलं, मी आपला उभा! दारामागून तेजू ऐकत होती. हळूच मला म्हणते, "पप्पा, मी असते तर यातलं बरंच गाळलं असतं."

मग मी सासऱ्यांना फोन लावला, स्पीकरवर, सविताच्या समोर. म्हटलं, मामा, त्या दिवशी वास्तुशांतीत मी जे बोललो ते मूर्खपणाचं होतं. तिकडून म्हातारा शांतपणे म्हणतो, "जावईबापू, तुम्ही त्या दिवशी बरंच बोललात. नक्की कोणतं?"

आणि शाळेची शिक्षा ऐका. मॅडमनी तेजूला सांगितलं, गणितात पुढच्या चाचणीत वीसपैकी पंधरा, सह्या ज्यांच्या त्यांनीच करायच्या, आणि जानेवारीच्या स्नेहसंमेलनात कादंबरीचे दोन भाग स्टेजवरून वाचायचे. मी म्हटलं, मॅडम, ही शिक्षा तिला की आम्हाला? तर म्हणाल्या, "आणि पालकांनी पहिल्या रांगेत बसायचं."

पंधरा नाही, सोळा पडले. आईनं शिकवलं. बावीस बाया सांभाळते ती, एक पोरगी काय!

तर परवा संध्याकाळी झालं संमेलन. थंडी ही अशी, मैदानात खुर्च्या, आणि स्टेजवर आमची तेजू, माइक तिच्यापेक्षा उंच. मला वाटलं घाबरेल. छे! वाचायला लागली आणि एका मिनिटात अख्खं मैदान तिच्या मुठीत. भोंग्याला हशा, बिस्किटाला हशा, लेथमशीनला तर पोरांनी खुर्च्या वाजवल्या! पेढ्यांचा भाग आला तेव्हा मात्र असं शांत झालं, की मागं कुणाचं तरी बाळ कुरकुरत होतं तेवढंच ऐकू येत होतं. आणि मी बघत होतो तिच्याकडं… हे सगळं हिनं आमच्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर पाहिलं, सोसलं, आणि त्याचं हसू करून परत दिलं! हे आम्हाला दोघांना मिळून जमलं नाही हो. लिहिते पोरगी… लिहिते!

टाळ्या चालल्या होत्या, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एकानं माझ्या खांद्यावर टकटक केलं. कुणाचे तरी वडील असतील, डोळे पुसत होते हसून हसून. मला म्हणतात, "काय हो, असा बाप खरंच असतो का कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत सविता मागं वळली. म्हणाली, "असतो ना. हा बघा, शेजारीच बसलाय. चार माणसांत नेता येतो आता."

त्या गृहस्थांनी उठून माझा हात हातात घेतला. म्हणाले, "अभिनंदन!"

आता कशाबद्दल, ते विचारायची माझी काही हिंमत झाली नाही.